गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर घरी बदलणार असशील तर आधी हे वाच

भावा, आधी कॉम्प्रेसर खरंच गेलाय का ते बघ, कारण कधी कधी नुसता फ्यूज, रिले नाहीतर कॉम्प्रेसरच्या क्लचची (बेल्टच्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा भाग, गिअरचा क्लच नव्हे) कॉइल गेलेली असते आणि गॅस कमी असला तरी प्रेशर स्विच क्लच लागूच देत नाही, मग लोक उगाच कॉम्प्रेसर आणून बसतात.

गॅस मात्र स्वतः सोडू नकोस, एसीवाल्याकडे जाऊन मशीनवर काढून घे. आर-१३४ए, म्हणजे एसीतला हाच गॅस, हवेत सोडणं वाईटच, आणि अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यांना तर फारच धोका, चष्मा घालच.

आता महत्त्वाचं. जुना कॉम्प्रेसर काढलास की त्यातलं तेल मापाच्या भांड्यात ओत आणि नीट निरखून बघ. तेलात चांदीसारखी चमक किंवा काळा चिखल दिसला म्हणजे आतून झिजलाय आणि तो चुरा पुढे कंडेन्सरमध्ये (गरम गॅस थंड करणारी जाळी) गेलाय. हल्लीच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की धुऊन साफ होत नाहीत, तो बदलावाच लागतो, सोबत एक्स्पान्शन व्हॉल्व्हपण (गॅस बारीक भोकातून आत सोडणारा). इथे पैसे वाचवलेस तर नवीन कॉम्प्रेसरपण त्याच चुऱ्याने जाणार.

ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा) आणि ओ-रिंगा (जोडांमधल्या रबरी रिंगा) नव्याच टाक. कंपनीने सांगितलंय तेच तेल टाक, इंजिन ऑइल अजिबात नाही. बेल्ट चढवायच्या आधी शाफ्ट हाताने दहाएक वेळा फिरव. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढ, पंप बंद करून गेजचा काटा हलतोय का बघ, हलला तर कुठेतरी गळती आहे, आणि गॅस बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलाय तेवढाच, वजन करून भर.