वजन कमी करण्याच्या ऑपरेशनला घरचे नको म्हणतात, काय करावं?

वजन 112 किलो, उंची 158 सेंटिमीटर म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) 45च्या आसपास, त्यात मधुमेह. डॉक्टर स्लीव्ह, म्हणजे जठर लहान करायचं ऑपरेशन, सुचवतात आणि सासूबाई म्हणतात, "पोट कशाला कापायचं, भात बंद कर."

सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती पुरेशी असते. रुग्णालय नवऱ्याची सही मागतं, पण ती तुमच्या होकाराची जागा घेत नाही. तरी घरच्यांना डावलून पुढे जाऊ नका, कारण नंतरचं सगळं स्वयंपाकघरात घडतं.

भाताच्या मुद्द्याला उत्तर असं: इतक्या वजनाला नुसत्या डाएटने उतरलेले किलो बहुतेकांचे परत चढतात, कारण शरीर भूक वाढवतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढतात, भुकेचं संप्रेरक मुख्यतः बनवणारा भागही त्यातच जातो. उरतं ते चहाच्या कपाएवढं.

म्हणून आहारतज्ज्ञाकडे नवऱ्याइतकंच, घरात जी व्यक्ती रांधते तिला न्या. ऑपरेशननंतर पहिले दोनेक आठवडे पातळ पदार्थ, मग तितकेच दिवस मऊसर, गुठळी नसलेलं. रोज 60 ग्रॅम तरी प्रथिनं हवीत, आणि पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम 4-5 ग्रॅम असतात. घरात अंडं चालत नसेल तर पनीर, दही, प्रोटीन पावडर यांचा हिशोब आधीच मांडा. संकष्टीची साबुदाण्याची खिचडी इथे काही कामाची नाही. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. "अजून एक घास" हा आपल्याकडचा प्रेमळ आग्रह उलटीवर संपतो. उलट्या थांबल्याच नाहीत तर बी-1 जीवनसत्त्व घटून नसांना इजा होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. ते आधी सांगितलेलं नसेल तर "तरी म्हटलं होतं" ऐकायची तयारी ठेवा.

घरच्यांची भीती खोटी नाही. टाक्यांच्या रेषेतून गळती क्वचित होते, पण होते. विम्याबद्दलही आधी विचारा: सहसा बीएमआय 40, किंवा गंभीर आजार असल्यास 35 लागतो, शिवाय प्रतीक्षाकाळ असतो.

उलटा दबाव मला जास्त खटकतो. लग्न जमत नाही म्हणून आईवडील मुलीला ऑपरेशनला नेतात. तिला स्वतःला नको असेल तर नंतर आयुष्यभर घ्यायच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि करायच्या रक्ततपासण्या ती मध्येच सोडून देते.

तुमच्याकडे नातवंडाची घाई असेल तर तेही आत्ताच बोला. ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि नेमकं वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस पटकन राहतात.