घोडा रात्री आडवा होतो का, ते आधी बघा

घोडा उभ्याने डुलक्या घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास तरी. म्हणून अंथरुणात काटकसर नको. पेंढा किंवा लाकडाचा भुसा निदान 15 सेंटिमीटर जाड हवा, भिंतीकडेला आणखी उंच. ओला भाग रोज काढा, नाहीतर आडव्या घोड्याच्या नाकाशीच अमोनिया साचतो. जागा साधारण 12 बाय 12 फूट हवी. दुसरा घोडा नजरेत असू द्या. एकटा पडलेला घोडा पहाराच देत राहतो. रात्रभर पुरेल इतकी वैरण बारीक जाळीत बांधा, कारण रिकाम्या पोटात जठरातलं आम्ल त्रास देतं. दिवे बंद. पुढच्या गुडघ्यांवर किंवा खुरांच्या वरच्या सांध्यांवर समोरून वारंवार खरचटलेलं दिसलं, तर तो बहुधा उभ्यानेच झोपेत कोसळतोय. अशा वेळी सांधेदुखी आहे का, हे पशुवैद्याकडून लगेच तपासून घ्या.