दक्षिण कोरियातल्या बुसानमध्ये दोन दिवस, फक्त खाण्यासाठी

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी बुसानला जातोय. मासे, डुक्कर चालतं, गोमांस नाही. काय चुकवू नये?

उत्तर : जेवढी भूक, तेवढंच बुसान! सकाळी द्वेजी गुकबाप घ्या : डुकराच्या हाडांचं पांढरं सूप, त्यात भात. सोबत खारवलेली बारीक कोळंबी येते, थेट आपल्या जवळ्याची ओली बहीण. मीठ म्हणून तीच घाला, पण बेतानं. मी पहिल्या दिवशी अख्खी वाटी उपडी केली आणि दुपारपर्यंत पाणी पीत बसले.

दुपारी जागाल्ची बाजार. खाली जिवंत मासा निवडायचा, वर बसून खायचा; वर मांडणीचे पैसे वेगळे लागतात, म्हणून भाव आधी ठरवा. कोळणीशी घासाघीस करायची सवय असेलच.

मिलम्योन, म्हणजे बर्फगार रश्श्यातल्या गव्हाच्या शेवया, ही 1950 च्या कोरियन युद्धात उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांची सोय. त्यांच्या गावाकडच्या शेवया कुट्टूच्या; इथे कुट्टूचं पीठ मिळेना, मदतीतला मैदा होता. रश्श्यात गोमांस असू शकतं, तेव्हा ‘सोगोगी?’ असं विचाराच.

संध्याकाळी बिफ चौकात (बीफ नव्हे, BIFF : बुसानचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) बियाभरला होत्तोक, म्हणजे तळलेली गोड पोळी. आतला गुळमट पाक जीभ भाजतो. फुंकर मारा.