गोंधळ, भारुडाची नवी चाल नोटेशन नसताना पेटीवर कशी बसवायची?

आधी चाल तोंडाने पक्की म्हणता येऊ द्या, मगच पेटीला हात लावा. मराठवाड्यातल्या भजनी मंडळांत पेटीवाले असेच तयार होतात, मीही परभणीकडे तसाच शिकलो. या चाली शब्दांच्या वजनावर चालतात. नुसते सूर लिहून घेतले तर ओळीतला झोका हातून निसटतो. ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ घ्या, ते शेवटी कुठे टेकतं तो सूर शोधा. बहुतेक वेळा तोच सा निघतो, आणि बाकीची चाल त्याच्या आसपास पाच-सहा सुरांत सापडते. मग:

- एकच ओळ, संथ, भाता न अडखळता, हात आपोआप वळेपर्यंत.
- तीच ओळ संबळ किंवा पखवाजाच्या ठेक्यावर.
- तीच चाल शेजारच्या दोन पट्ट्यांत, म्हणजे सा वरखाली हलवून. हे टाळू नका! काळी एकमध्ये (पहिली काळी पट्टी सा धरून) बसवलेली चाल गायक काळी दोनमध्ये उचलतो, तेव्हा फक्त पहिल्या पट्टीत शिकलेला पेटीवाला तिथंच थांबतो.

एक मर्यादा मात्र आहे. पेटीत सप्तकाचे बाराच सूर, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही. गोंधळ्याचा किंवा जात्यावरच्या ओवीचा सूर पेटीच्या दोन सुरांच्या मधून घसरत जातो, तिथं मधल्या पट्ट्या भराभर दाबू नका. ज्या सुरावर तो पोहोचणार तोच हलका धरून ठेवा, घसरण गळ्याला करू द्या.