रोहित्रावरची ३४ टक्के हानी म्हणजे ३४ टक्के वीजचोरी का?

आपल्या वस्तीच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर), ३४ टक्के हानी असल्याचे वायरमनने सांगितले, म्हणजे एवढी वीज चोरीलाच जाते का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे ऊर्जा लेखापरीक्षणाचे काम केले आहे. केवळ या आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. हानी मोजणारा मीटर कुठेही नसतो. रोहित्रावरील मीटरच्या युनिटांतून त्यावरील सर्व ग्राहकांना बिल केलेली युनिटे वजा केली की जी बाकी उरते तिला हानी म्हणतात, आणि त्या बाकीत तारा तापून वाया गेलेली वीज, तारांवर आकडे टाकून चोरलेली वीज, बंद मीटरवर लावलेली सरासरी आणि नोंदींतील चुका असे सारेच मिसळलेले असते.

तारांमधील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की हानी चौपट होते. त्यामुळे डीपीपासून घरांपर्यंत जाणाऱ्या लांबलचक लघुदाब वाहिनीवर संध्याकाळी भार चढला की चोरी नसतानाही आकडा फुगतो.

नोंदींचा घोळ मात्र मला नेहमीच मोठा दिसला. रोहित्र जळाले की काही घरे शेजारच्या डीपीवर वळवतात आणि संगणकात ती जुन्याच डीपीवर राहतात. मग एकीकडे ४० टक्के आणि दुसरीकडे उणे १५ टक्के हानी दिसते. उणे हानी असूच शकत नाही, म्हणून मी यादीत आधी उणे आकडेच शोधत असे. एका बर्फाच्या कारखान्यात १००/५ च्या जागी २००/५ चे सीटी (मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देणारे करंट ट्रान्सफॉर्मर) बसवले होते, पण मीटरच्या युनिटांना ज्याने गुणून बिल काढतात तो गुणक २० चा ४० केलेला नव्हता. कारखान्याचे बिल निम्मेच निघत होते आणि संशय मागच्या झोपडपट्टीवर होता!

ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०२१ च्या विनियमांनुसार वितरण कंपन्यांना दर तिमाहीला ऊर्जेचा हिशेब आणि दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते. महाराष्ट्रातील अनेक कृषिपंपांना मात्र मीटरच नाही, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरतात. तिथे वजाबाकीतील एक आकडाच अंदाजाचा असतो.

आपण एवढे करावे: बिलावर डीटीसी क्रमांक (नोंदीत आपले घर ज्या डीपीवर आहे तिचा क्रमांक) छापलेला असल्यास तो डीपीच्या खांबावर रंगवलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि शेजारच्या चार घरांची बिलेही तशीच तपासावीत.