अमरावतीहून मेळघाटमार्गे बऱ्हाणपूरला कारने जाता येईल का? हा जुना राज्यमार्ग अजून अरुंदच का?

जाता येतं, आणि दिवसाउजेडी जाणार असाल तर जरूर जा. मार्ग असा: अमरावती, वलगाव, आसेगाव, परतवाडा, घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी, मग राज्याची हद्द ओलांडून मध्य प्रदेशातलं देडतलाई आणि बऱ्हाणपूर. एकूण सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पण ताशी ६० चा हिशेब इथे चालत नाही. परतवाडा ते धारणी शंभरेक किलोमीटरलाच तीन तास धरा. टाकी परतवाड्यातच फुल करा. जंगलात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. घटांगला चिखलदऱ्याचा फाटा फुटतो, तिथे सेमाडोहची पाटी बघूनच गाडी वळवा.

परतवाड्यापर्यंत संत्र्याच्या बागा आणि काळी जमीन. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिथला डांबरी रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. घाटात मात्र खाली दगड-मुरूम असतो आणि दुखणं पाण्याचं असतं. डोंगराकडचा चर पालापाचोळ्याने तुंबला की पाणी डांबराखाली शिरतं आणि दरीकडचा भराव खचतो. डांबरावर दरीच्या बाजूला चंद्रकोरीसारखी भेग दिसली तर समजा, भराव सुटतोय. समोर मोकळं असेल तर तेवढा तुकडा डोंगराच्या अंगाने पार करा. कडेचा मुरूम वाहून गेलेला असतो तिथे डांबराची धार वीतभर उंच राहते. चाक खाली उतरलं तर स्टिअरिंग झटक्यात वळवू नका, गाडी थेट पलीकडे फेकली जाते. वेग कमी करा आणि मग हळूच वर घ्या.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतारावर दुसरा गिअर, अवघड वळणांवर पहिला. न्यूट्रल तर अजिबात नाही. इंजिन बंद करून उतरणं त्याहून वाईट, कारण ब्रेकला मिळणारा जोर जातो आणि पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लायनरचा जळका वास आला की सपाट जागा बघून वीसेक मिनिटं थांबा, पण तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. थांबलात तरी जंगलात लांब जाऊ नका.

आता इतिहास. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, तेव्हा वेगळा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अमरावतीत मिळवला. परतवाडा ही त्याच अचलपूरची छावणी आणि मेळघाटातल्या सागवानाची बाजारपेठ. १९०३ पासून वऱ्हाड आणि निमाड, म्हणजे बऱ्हाणपूर-खंडव्याचा भाग, एकाच प्रांतात होते. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला, आणि धारणीपुढे रस्त्यावर राज्याची हद्द आली. पण धारणीचे लोक आजही बाजाराला आणि दवाखान्याला बऱ्हाणपूर-खंडव्याकडे जातात, कारण तीच वाट जवळची.

राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही वर्गवारी १९४३ मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतली. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर राज्यमार्ग, पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग. पण वर्ग वरचा म्हणून रुंदी मिळतेच असं नाही. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या ९ जंगलांत मेळघाट होतं. इथे रुंदीकरणासाठी झाडं तोडायची तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली आणि वन्यजीव मंडळाकडून, अशा दोन्ही परवानग्या लागतात. माझ्या मते रस्ता अरुंद राहिला हेच बरं. मात्र चर साफ करायला आणि कडेचा मुरूम भरायला झाड तोडावं लागत नाही. ते दरवर्षी पावसाळ्याआधी झालंच पाहिजे, कारण सेमाडोह-हरिसालच्या कोरकू आदिवासींच्या गावांतला आजारी माणूसही याच रस्त्याने परतवाड्याला किंवा धारणीला न्यावा लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर सिपना नदीला पूर आहे का, ते परतवाड्याच्या एसटी स्टँडवर विचारा. तिकडून नुकत्याच आलेल्या बसच्या ड्रायव्हरला रस्त्याची सगळ्यात ताजी खबर असते. दुपारचे ३ वाजून गेले असतील आणि तुम्ही अजून परतवाड्यातच असाल, तर अकोला-मलकापूरवरून जा. लांब पडेल, पण अंधारात घाट लागणार नाही.