‘ट्विन पीक्स’चा शेवट समाधान देतो का?

तुम्ही विचारलंय की ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकी मालिकेचे 1990-91चे दोन्ही सीझन बघून झालेत, आता 2017चे 18 भाग बघावेत का, शेवटी हाती काही लागतं का. जरूर बघा. पण सगळी कोडी सुटतील या आशेवर बसलात तर चिडचिड होईल. पुढे शेवट उघड केलाय. नको असेल तर इथेच थांबा.

जिच्या खुनापासून मालिका सुरू होते त्या शाळकरी लॉरा पामरचा खुनी कोण, हे मालिकेच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या डेव्हिड लिंचला सांगायचंच नव्हतं. वाहिनीचा दबाव आला, दुसऱ्या सीझनच्या मध्याआधीच नाव फुटलं, आणि नंतर मालिका कशी भरकटली ते तुम्ही पाहिलंच आहे. 2017चे सगळे भाग लिंचनेच दिग्दर्शित केले आणि शेवटचे दोन एकाच रात्री दाखवले गेले. ते एकत्रच बघायला हवेत.

सतराव्यात प्रेक्षकाला हवा असतो तो शेवट मिळतो. खुनाचा तपास करणारा एफबीआय एजंट कूपर, त्याचा तोतया मरतो, बॉब या दुष्ट आत्म्याचे तुकडे होतात. मग कूपर खुनाच्या रात्रीत परत जाऊन लॉराचा हात धरतो आणि पहिल्या भागातलं ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं प्रेत किनाऱ्यावरून नाहीसं होतं. वाटतं, सुटली पोरगी.

अठराव्यात तो टेक्सासमधून लॉरासारख्याच दिसणाऱ्या कॅरी पेजला घेऊन रात्रभर गाडी चालवतो. बोलणं जवळपास नाहीच. पामरांच्या दारात अनोळखी बाई उभी, तिला पामर कोण हे ठाऊकही नाही. दोघं रस्त्यावर येतात. कूपर चाचपडत विचारतो, हे साल कोणतं? घरातून लांबून ‘लॉरा’ अशी हाक येते, कॅरी किंचाळते, घरातले दिवे जातात. संपलं.

आम्ही हे अमळनेरला, मे महिन्यात, रात्री गच्चीवर लॅपटॉप लावून पाहिलं. शेजारच्या गच्च्यांवर माणसं झोपलेली, म्हणून त्या किंकाळीला थोरल्या बहिणीनं झटकन आवाज कमी केला आणि मला म्हणाली, ‘‘मंग काय व्हयनं?’’ तिचा राग अजून गेलेला नाही. मला मात्र तो शेवट पटतो. कूपर चांगला माणूस आहे, पण झालेला खून पुसता येतो असं त्याला वाटतं. नाव बदललं, गाव बदललं, तरी त्या मुलीच्या आत ते दुःख तसंच आहे. पंचवीस वर्षं आपण तिच्या मरणाकडे कोडं म्हणून बघत आलो. ती किंकाळी ऐकल्यावर मला तसं बघवेना.

आणि निखळ समाधानही नाहीच असं नाही. पंधराव्या भागात एड आणि नॉर्मा हे जुने प्रेमी अखेर एकत्र येतात, तेव्हा हीच माझी बहीण घळाघळा रडली. त्याच भागात लॉग लेडीचा, म्हणजे कायम लाकडाचा ओंडका जवळ बाळगणाऱ्या बाईचा, फोनवरचा निरोप आहे. ती भूमिका करणाऱ्या कॅथरीन कोल्सन 2015मध्येच गेल्या, आजारी असताना त्यांनी ते प्रसंग चित्रित केले होते. हे माहीत असलं की तो निरोप फार लागतो.

एकच सांगणं: आधी 1992चा ‘फायर वॉक विथ मी’ हा चित्रपट बघा. सतराव्या भागात त्यातलीच दृश्यं वापरली आहेत, आणि लॉरानं काय सोसलं हे तिथे कळतं. शेवटचे दोन सोडले तर भाग सलग उरकू नका, रात्री एकच बघा. आठवा भाग तर 1945च्या अणुचाचणीत शिरतो. त्यानंतर लगेच दुसरं काही बघवणार नाही.